टँक इंजिनातली टाकी

प्रश्न: लंडनच्या जुन्या उपनगरी रेल्वेवरच्या एका मराठी मजकुरात ‘रणगाडा-इंजिन’ असा शब्द आला. मूळ इंग्रजी शब्द ‘टँक इंजिन’. मराठीत काय म्हणावं?

हे ‘रणगाडा-इंजिन’ माझ्याही कानावर सारखं पडतं आणि दर वेळी डोकं फिरतं. रणगाडा लढाईत उतरला सप्टेंबर 1916 मध्ये. तो तयार होत असताना गुपित फुटू नये म्हणून त्याला पाण्याची टाकी म्हणत, आणि तेच नाव त्याला चिकटलं. लंडनच्या भुयारी मेट्रोपॉलिटन रेल्वेची टँक इंजिनं 1864 ची! त्यांत रणगाडा कुठून येणार?

सरळ ‘टाकीचं इंजिन’ म्हणा. पाण्यासाठी मागे वेगळी गाडी न जोडता इंजिनावरच टाक्या बसवायच्या, बहुधा बॉयलरच्या दोन्ही अंगांना, एवढाच अर्थ. उपनगरी गाडीला हे सोयीचं, कारण अंतर थोडं आणि शेवटच्या स्थानकावर इंजिन न वळवता उलटं पळवता येतं. मँचेस्टरच्या बेयर-पीकॉक कारखान्यात बनलेल्या मेट्रोपॉलिटनच्या इंजिनांत टाकीला आणखी एक काम होतं. भुयारात शिरलं की ड्रायव्हर वापरलेली वाफ धुराड्यातून न सोडता नळांवाटे टाक्यांत वळवायचा. तिथे तिचं पाणी व्हायचं. टाकीतलं पाणी कढत झालं की वाफ जिरेना, मग ते सोडून गार पाणी भरायचं. लंडनमधल्या कॉव्हेंट गार्डनच्या वाहतूक संग्रहालयात 1866 चं 23 नंबरचं इंजिन आहे. टाकीकडे जाणारे जाडजूड नळ त्याच्या अंगावर बाहेरूनच दिसतात.

पण खरी गंमत पुढे आहे. इंग्रजांनी ‘टँक’ शब्द सतराव्या शतकात उचलला तो हिंदुस्थानातून, तळी-टाक्यांसाठी. गुजरातीत टांकी, मराठीत टांकें, म्हणजे आजचं टाके. आणि आपल्याकडे पोर्तुगीज शब्दांच्या याद्या करणारे ‘टाकी’ बिनदिक्कत ‘तांके’च्या खाती जमा करतात! 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाने निदान शब्दाला दोन कुळं दिसतात, एक भारतीय आणि एक युरोपी, एवढं मान्य केलं. मला तीही तडजोडच वाटते. अमरकोश उघडा: ‘टङ्कः पाषाणदारणः’. टंक म्हणजे दगड फोडायची छिन्नी. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ यातली टाकी तीच. आता शिवनेरीवर जा. गंगा-जमुना ही टाकी (एक टाके, दोन टाकी) बांधलेली नाहीत, कातळात कोरलेली आहेत. भिंतीवर छिन्नीचे तिरपे घाव बोटांना लागतात. टाकीने खोदलं ते टाके. याहून सरळ व्युत्पत्ती कुठली हवी?

काही अभ्यासक संस्कृत ‘तडाग’कडे, म्हणजे तळ्याकडे, बोट दाखवतात. तडागाचं टांकें होताना मधला अनुस्वार आला कुठून, ते आधी सांगा. दुसरे म्हणतात, कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय, तेव्हा ‘टाके’ नंतरचं. दान देणाऱ्याच्या लेखात जो शब्द, तोच पाथरवटाच्या तोंडी असला पाहिजे, हा नियम कोणी केला? ‘पोढी’ बोलीतून गेली, ‘टाके’ प्रत्येक गडावर अजून ऐकू येतं. पोर्तुगिजांचा ‘तांके’ त्यांच्या घरचा असेलही, पाणी अडवण्याच्या क्रियापदावरून आलेला. म्हणून आपलं टाके त्यांचं होत नाही. त्या याद्यांतून ते आधी काढा.