पुण्याहून चिखलदऱ्याला यायचंय, एका दिवसात होईल का? काय पाहावं?

तुम्ही लिहिलंय की अमरावतीला लग्न आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी निघून चिखलदरा 'करून' संध्याकाळी परत यायचं, आणि सोबत आई-बाबा आहेत. मी परतवाड्याचा, म्हणजे घाटाच्या अगदी पायथ्याचा. माझं ऐका, एक मुक्काम वाढवा. एका दिवसात जमतं, पण मग पॉइंट मोजत फिरणं तेवढं होतं आणि गाविलगड किल्ला हमखास राहून जातो. अन् गाविलगड न पाहता परत जाणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

मुक्काम केलात तर पहिली सकाळ किल्ल्याला द्या. गावापासून जेमतेम दोन-तीन किलोमीटर. विस्तार मोठा आहे, आत तलाव आहेत, मशीद आहे, जुन्या तोफा पडलेल्या आहेत. दिल्ली दरवाज्यापाशी मात्र घाई करू नका. तिथल्या दगडात दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलाय, शिवाय सिंह आणि हत्ती. सकाळचं तिरपं ऊन पडलं की त्यांचे बारकावे उठून दिसतात. दुपारच्या उन्हात तेच शिल्प सपाट वाटतं.

किल्ला पाहताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. दक्षिणेकडे सरळ तुटलेले कडे आहेत, तिकडून वर येणं जवळपास अशक्य. उत्तरेकडे मात्र तो पठाराला अरुंद वाटेने जोडलेला आहे. डिसेंबर 1803 मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने हेच हेरलं. त्याच्या हाताखालच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने तोफा डोंगरातून ओढत लांबचा फेरा घालून उत्तरेला आणल्या, तिथून तटाला खिंडार पाडलं आणि 15 डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला आणि वऱ्हाड प्रांत त्यांच्या हातून गेला. हे माहीत असलं की तटावर उभं राहिल्यावर नुसते पडके दगड दिसत नाहीत.

आई-बाबांना सगळा किल्ला चालवत नाही म्हणाल तर दरवाज्यांपर्यंत न्या, तेवढंही पुरेसं आहे. बूट घाला. पावसाळ्यात दगड शेवाळतात आणि गवत कमरेपर्यंत वाढतं.

पॉइंटांचं थोडक्यात सांगतो. देवी पॉइंटला खडकाच्या कपारीत देवीचं ठाणं आहे, वरून पाणी झिरपत असतं. बाबांना आवडेल. भीमकुंडाची खोल दरी बघाच. भीमाने कीचकाला मारून इथे हात धुतले अशी आमच्याकडची कथा. पंचबोलला आवाज दिला की दरी तो परत देते. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर धुक्यामुळे समोरची दरीच दिसत नाही. लोक वैतागून दोन मिनिटांत गाडीत बसतात. थांबा! वारा फिरला की धुकं फाटतं आणि खालचं जंगल एकदम समोर येतं. शक्कर तलावावर मुलं असतील तर नौकाविहार करा, नाहीतर सोडून द्या.

दुसरा दिवस मेळघाटासाठी. 1973-74 मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यातला हा एक. वाघ दिसेलच या आशेने येऊ नका. ताडोब्यासारखं सपाट जंगल नाही हे, डोंगर-दऱ्यांचं आहे, जनावर दोन पावलांत दिसेनासं होतं. मला हे जंगल त्यासाठीच प्रिय आहे. उंच साग, खाली बांबू, मधून वाहणारी सिपना नदी. सेमाडोहला निसर्ग माहिती केंद्र आहे, पुढे कोलकासचं विश्रामगृह नदीच्या वर उंचावर. पक्ष्यांची आवड असेल तर रानपिंगळ्याची चौकशी करा. हे घुबड शंभरावर वर्षं कुणाला दिसलं नव्हतं, नामशेष झालं असंच धरून चालले होते. 1997 मध्ये शहाद्याजवळ सापडलं, नंतर मेळघाटातही. सफारी आधी बुक करा, पावसाळ्यात ती सुरू आहे का हे विचारून घ्या.

वाटेत कोरकू आदिवासींची गावं लागतील. भिंतींना सुंदर लिंपण असतं, फोटोचा मोह होतो. विचारल्याशिवाय कुणाच्या अंगणात कॅमेरा काढू नका. ही त्यांची घरं आहेत.

खाण्याचं म्हणाल तर रबडी आणि खवा. डोंगरात गवळ्यांची जुनी वस्ती आहे, म्हशी जंगलात चरतात. सायीचे जाड थर असलेली रबडी द्रोणात मागा, साखर कमी असलेली. कॉफीही घ्या, महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथेच. हिवाळ्यात आलात तर सावलीतल्या झुडपांवर लाल बोंडं बघायला मिळतील.

यायचं कसं? मुंबई-पुण्याकडून रेल्वेने अमरावती किंवा बडनेरा, तिथून परतवाडा साधारण पन्नास किलोमीटर, वर घाट तीसेक. एसटी आहे, पण आई-बाबांसाठी गाडीच करा. चढताना धामणगाव गढीचा रस्ता घ्या, उतरताना घटांगचा, म्हणजे दोन वेगळे घाट बघून होतात. पेट्रोल आणि रोख पैसे परतवाड्यातच घेऊन ठेवा. पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळा, घाटात गाड्यांची रांग लागते. आणि पाचच्या आत उतरायला लागा, धुक्यात अंधार लवकर होतो.