तळाला निळ्या तलवारी असलेली पुतळी खरी माइसनची आहे का? किती किंमत येईल?

मावशीकडून आलेली वीतभर उंचीची मेंढपाळ जोडप्याची पुतळी, तळाला निळ्या तलवारींची फुली, एक बोट तुटलेलं, आणि विक्रेता म्हणतो 'अठराव्या शतकातली आहे', असा तुमचा प्रश्न. फोटो पाहून माझं मत: माइसनची, म्हणजे जर्मनीतल्या त्या नावाच्या जुन्या चिनीमातीच्या कारखान्याची, असू शकते, अठराव्या शतकातली बहुधा नाही. तलवारींच्या मुठींना टोकाशी गोळे दिसताहेत. असे ठळक गोळे साधारण १८५० ते १९२४ या काळात काढले जात.

विक्रेता खोटंच बोलला असं नाही. शिल्पकार योहान योआखिम केंडलर १७३१ साली या कारखान्यात आला आणि त्याने पुतळ्यांचे ढीगभर नमुने घडवले. ते नमुने कारखाना नंतरही पुन्हा पुन्हा काढत राहिला, आजही काढतो. त्यामुळे 'केंडलरचा नमुना' खरा असूनही हातातली पुतळी दीडशे वर्षांनी नंतरची असू शकते. बाजारातला निम्मा गोंधळ इथेच आहे.

तलवारींवर एकट्या विसंबू नका, कारण या खुणेच्या नकला पोत्याने झाल्या. पॅरिसच्या सॅमसनने तर नकलांचाच धंदा उभारला. माइसनजवळच्या ड्रेस्डेन शहरातल्या हेलेना वोल्फझोनने माइसनचा संस्थापक राजा ऑगस्टस याची 'ए आर' (ऑगस्टस रेक्स, म्हणजे राजा ऑगस्टस) ही आद्याक्षरंच आपल्या मालावर घातली. माइसनने कोर्टात खेचल्यावर ती थांबली. तेव्हा 'ए आर'ची फुलदाणी दाखवून कोणी राजवाड्यातली म्हणालं, तर चहा पिऊन निघा.

आता पुतळी उलटी करा, हाताखाली टॉवेल घेऊन. तलवारी झिलईच्या खाली असायला हव्यात: नखाने खरवडल्यावर उंचवटा लागता कामा नये आणि रेघ हाताने काढलेली, किंचित असमान दिसावी. मग आकडे बघा. एकोणिसाव्या शतकातल्या माइसनवर ओल्या मातीत हाताने कोरलेला नमुना क्रमांक असतो, बहुतेकदा एक रोमन अक्षर आणि पुढे आकडा. त्याशिवाय भाग जुळवणाऱ्या कारागिराचा छोटा ठसा असतो आणि रंगाऱ्याचा आकडा ब्रशने काढलेला असतो. तुमच्या फोटोत अक्षर-आकडा अंधूक दिसतोय, म्हणून मी आशावादी आहे. तिरप्या उजेडात परत फोटो काढा.

तलवारींवर आडवी चीर आहे का, तेही पाहा. झिलई कापत गेलेली चीर म्हणजे कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला किंवा न रंगवता विकलेला माल. किंमत तिथेच घसरते, आणि रंगकाम बाहेरच्या कोणाचं असण्याची शक्यता वाढते.

यानंतर चेहरा आणि हात. हे शब्दांत सांगणं अवघड आहे, पण चांगल्या माइसनमध्ये बोटं सुटी असतात, पापण्या आणि केस एकेका बारीक रेघेने काढलेले असतात, पाठही पोटाइतकीच नीट रंगवलेली असते. नकलेत पाठीकडे आळस दिसतो. झालरीला खऱ्या लेससारखी जाळी असेल (लेस पातळ मातीत बुडवून भाजतात, कापड जळून जातं), तर ड्रेस्डेन परिसरातल्या दुसऱ्या कारखान्यांचा आधी विचार करा.

नोटा तपासायचा अतिनील टॉर्च अंधारात फिरवा. जुनी दुरुस्ती आणि वरून मारलेला रंग अनेकदा वेगळा चमकतो. बोट तुटलंय ते दिसतंय. मला काळजी मानेच्या न दिसणाऱ्या दुरुस्तीची आहे.

किमतीचं म्हणाल तर संकेतस्थळांवर लोकांनी लावलेल्या किमती सोडून द्या. लिलावगृहांचे निकाल उघडा, तोच नमुना क्रमांक, तेवढीच उंची आणि तशीच तूटफूट असलेली पुतळी प्रत्यक्षात कितीला गेली ते पाहा, आणि त्यातून लिलावगृह विकणाऱ्याकडून घेतं ते कमिशन वजा करा. एकोणिसाव्या शतकातल्या अशा जोडप्यांची मागणी गेल्या काही दशकांत बरीच उतरली आहे. २०२१ मध्ये न्यूयॉर्कला ओपनहायमर संग्रहातलं माइसन सुमारे दीड कोटी डॉलरना गेलं ही बातमी खरी, पण तो सुरुवातीच्या काळातला, नाझी राजवटीत मालकांच्या हातून गेलेला आणि वारसांना परत मिळालेला संग्रह होता. त्यावरून आपल्या पुतळीचा भाव काढू नका.

परदेशी लिलावात पाठवायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२च्या कायद्याने बंधन आहे. तुटलेलं बोट सापडलं तर कागदात गुंडाळून पुतळीसोबत ठेवा, फेविक्विक लावू नका. जाणकार दुरुस्त करणाऱ्याला आधी तोच थर काढत बसावं लागतं.