दोन रकाने

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. आधी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू की क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर, असं विचारलंयस. जे आवडेल ते शीक, दोन्ही काही महिन्यांत हाताला बसतात. प्राचीन इतिहासाचं काम संगणकावर करणाऱ्याला त्याहून अवघड सवय लावून घ्यावी लागते. जे दिसलं ते एका रकान्यात, त्यावरून जे ताडलं ते दुसऱ्यात. भलेभले इथेच घसरतात.

नाशिकची आहेस, तेव्हा सरावाचं सामान पाथर्डी फाट्याजवळच आहे. पांडवलेण्यांत जा आणि 10 नंबरच्या लेण्यापुढे थांब. क्षत्रप म्हणजे शक राज्यकर्ता नहपान, त्याचा जावई उषवदात याचा लेख तिथे ओसरीच्या भिंतीवर आहे. त्याने 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) कायमची ठेव म्हणून ठेवले. व्याज 2000 वर शेकडा एक, 1000 वर शेकडा पाऊण. मुद्दलाला हात लावायचा नाही, नुसतं व्याज वापरायचं. 2000 च्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण.

आता हे तक्त्यात भरायला घेतलंस की तू पटकन टाइप करशील, 'व्याज : वार्षिक 12 टक्के'. पुस्तकांतही तेच सापडेल. पण लेखात व्याजाच्या दराला ना महिना जोडलाय, ना वर्ष. शेकडा एक, बस्स. मग 12 टक्के आले कुठून? 20 भिक्षू गुणिले 12, म्हणजे 240. दरमहा शेकडा एक धरलं तर 2000 चं वर्षाचं व्याज बरोबर 240 होतं. ताळा चोख जमतो, म्हणून दर महिन्याचा मानायचा. मीही मानतो. दुसऱ्या 1000 ला मात्र असा ताळा नाही. तिथला महिना पहिल्या रकमेच्या भरवशावर उभा आहे. म्हणून एका रकान्यात 'शेकडा एक', दुसऱ्यात 'दरमहा, हिशेबावरून'. आणि 1000 च्या ओळीत 'दरमहा, पहिल्या रकमेवरून'. उद्या कुणी जुन्नर, कान्हेरीच्या लेण्यांतल्या नोंदी याला जोडून आलेख काढला तर त्या आलेखाला यातलं काही कळणार नाही. तो सगळे आकडे एकाच तोऱ्यात दाखवतो.

ही शिस्त संगणकाने आणलेली नाही. झिजून गेलेली अक्षरं अभ्यासकाने भरली तर ती चौकटी कंसात लिहायची, हा लेख छापण्याच्या खुणांचा लायडन संकेत 1931 चा. कोरीव लेखांसाठी आज जी एपिडॉक पद्धत वापरतात, ती हेच काम टॅग लावून करते. गेलेलं अक्षर वेगळं, धूसर अक्षर वेगळं. या लेखांची ब्राह्मी लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात, 2010 पासून आहे, पण सुरुवात देवनागरी लिप्यंतरापासूनच कर. नुसत्या फाँटच्या कौतुकात महिना जातो.

फोटोंबद्दल थोडक्यात. समोरून फ्लॅश मारलास की अक्षरं सपाट होतात; उजेड तिरका हवा. वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकून काढलेले फोटो एकत्र करायची आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग) ही पद्धत झिजलेल्या दगडासाठी फार उपयोगी आहे. ट्रायपॉड, दिवे न्यायचे असतील तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी काढ. आणि अक्षरांत खडू भरू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी.

लेखांचा कंटाळा आला तर नाण्यांकडे वळ. 1906 मध्ये आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13,000 हून जास्त. त्यातल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. अशा नाण्यावर नव्या डोंगराच्या खुणेखालून जुन्या राजाचं नाक किंवा ग्रीक अक्षरांचा तुकडा डोकावतो. तक्त्यात एका नाण्याला एकच राजा लिहायची सोय ठेवलीस तर ही सगळी गंमत पहिल्याच दिवशी पुसली जाईल. खालचा छाप आणि वरचा छाप असे रकाने वेगळे हवेत. अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात एकदा जाऊन ये, म्हणजे मी काय म्हणतोय ते नजरेला पटेल.

सध्या एवढंच कर. पांडवलेण्यांतले दहा दानलेख घे. दाता, गाव, व्यवसाय, दान, आणि प्रत्येकापुढे 'कशावरून' हा रकाना. दगडावर नसेल तिथे रिकामं सोड, शून्य टाकू नकोस. झालं की सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल, करून पाठव, एक्सेलची रंगीत फाइल नको.

तुझा,
सर

ता. क. फाइलच्या नावात 'फायनल' लिहू नकोस, तारीख लिही.