'पब्लिक शेमिंग'ला मराठीत काय म्हणायचं? धिंड, चव्हाटा, वाळीत वगैरे

नेरूळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीला शाळेत 'पब्लिक शेमिंग' या विषयावर मराठीत प्रोजेक्ट लिहायचाय, तिने मथळा दिलाय 'सार्वजनिक लज्जाकरण', तो बरोबर आहे का, आणि नसेल तर 'धिंड काढणे' किंवा 'वाळीत टाकणे' चालेल का.

ताई, आधी ते लज्जाकरण खोडायला सांगा. काँक्रीटीकरण, सुशोभीकरण, लज्जाकरण, वाचताना वाटतं पालिकेने टेंडर काढलंय. घरात आपण सरळ म्हणतो 'चारचौघात माझी लाज काढली', झालं, हेच ते. आणि 'चारचौघात' हा 'पब्लिक'पेक्षा नेमका शब्द आहे असं माझं मत. पब्लिक म्हणजे कुणीही, चारचौघं म्हणजे जे उद्या परत भेटणार आहेत ते. ठाण्याला फास्ट लोकलच्या दारात अनोळखी माणसाने शिव्या घातल्या तर डोकं फिरतं, पण दुपारी डबा उघडेपर्यंत विसरलेलं असतं. तेच शब्द सोसायटीच्या मीटिंगमध्ये, बायको शेजारी बसलेली असताना कुणी ऐकवले तर वर्षभर विसरत नाही.

'लाज'सोबत क्रियापद कुठलं येतं ते बघा म्हणजे अर्धं काम होतं. लाज वाटते ती आपली आपल्याला. लाज काढतात ती दुसरे. आणि लाज काढली म्हणजे लाज वाटेलच असं नाही हं, बऱ्याचदा नुसता राग येतो आणि काढणाऱ्याला वाटतं चला, धडा शिकवला.

आता धिंड. मिरवणूक आणि धिंड यांचा रस्ता तोच, बघे तेच, कधी ढोलसुद्धा तेच, पण मिरवणुकीला 'मिरवणं' हे क्रियापद आहे, माणूस स्वतः मिरवू शकतो. धिंडीला तसलं क्रियापदच नाही, स्वतःहून कुणी 'धिंडत' नाही, ती दुसऱ्यानेच काढायची. जुन्या काळी गाढवावर उलटं बसवून, डोकं भादरून, गळ्यात चपलांचा हार. ही सगळी आता आपल्याला म्हणी-वाक्प्रचारातली गंमत वाटते पण ती गंमत नाहीये, १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात दलित-आदिवासी माणसाची नग्न किंवा चेहरा रंगवून धिंड काढणं हा गुन्हा म्हणून लिहावा लागला, नंतर २०१५ च्या दुरुस्तीत चपलांचा हार घालणं, डोकं भादरणं, मिशी काढणं हेही स्पष्टपणे घातलं. कायद्यात एवढं तपशीलवार येतं म्हणजे ते घडत होतं म्हणूनच.

तोंडाला काळं फासणं यात अजून एक गोष्ट आहे. 'अब्रू' हा शब्द फारसी, आब म्हणजे पाणी, तेज आणि रू म्हणजे चेहरा. म्हणजे अब्रू मुळात तोंडावरचं तेजच, आणि काळं फासतात ते बरोब्बर त्याच्यावर. शिवाय 'तोंड काळं कर' म्हणजे चालता हो! तोंड काळं होणं आणि माणूस दिसेनासा होणं हे आपल्या भाषेने एकत्रच बांधून ठेवलंय.

चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. तिथे सहसा माणूस नेत नाहीत, गोष्ट नेतात, घरातलं भांडण चव्हाट्यावर येतं. (बेळगावात चव्हाट गल्ली आहे, तिथल्यांनी हसू नका, तुमचा चव्हाटा देवाचा आहे.) म्हणून प्रोजेक्टमध्ये 'मुलीला चव्हाट्यावर आणलं' लिहू नका, 'मुलीचं प्रकरण चव्हाट्यावर आणलं' हे कानाला बरं लागतं.

वाळीत टाकणं मात्र वेगळंच प्रकरण आणि लोक इथे हमखास गोंधळ करतात. बऱ्याच जणांना वाटतं की वाळलेलं, सुकलेलं असं काहीतरी असेल. तसं नाही. वाळणे हे जुनं क्रियापद आहे, जातीतून किंवा समाजातून बाहेर काढणे या अर्थाचं. तुकोबांचा अभंगच आहे, 'वाळो जन मज म्हणोत शिंदळी', म्हणजे लोक मला वाळीत टाकोत, बदफैली बाई म्हणोत. धिंडीत सगळे ओरडतात, वाळीत टाकल्यावर कुणी बोलतच नाही. पाणी नाही, किराणा नाही, लग्नाचं आमंत्रण नाही, मयताला खांदा नाही. धिंड एका दुपारची, वाळीत वर्षानुवर्षं. इथून खाडी ओलांडून रायगडात गेलात की 'गावकीने वाळीत टाकलं' ही बातमी अजूनही पेपरात सापडते. याविरुद्ध १९४९ मध्ये मुंबई राज्याने कायदा केला होता, तो १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला, मग थेट २०१६ चा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा, जो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्याने 'बहिष्कार' शब्द घेतला, 'वाळीत' नाही. आंबेडकरांनी तर १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाचं नावच 'बहिष्कृत भारत' ठेवलं होतं, म्हणजे जो शिक्का मारला तोच मथळ्यावर छापला.

जुन्या पुण्यात यालाच 'ग्रामण्य' म्हणायचे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, काही मंडळी चहा प्यायली, त्यात रानडे होते, टिळक होते, आणि गोपाळराव जोशींनी (आनंदीबाईंचे यजमान) हजर असलेल्यांची यादी पेपरात छापून टाकली. यादी! नुसती नावं. त्यावरून ग्रामण्य झालं, शंकराचार्यांपर्यंत गेलं, टिळकांनी आणि रानड्यांनी दोघांनीही पुढे प्रायश्चित्त घेतलं. म्हणजे परत यायची वाट होती, अपमानाची होती पण होती, 'जातीत घेणे', 'पंक्तीला घेणे' असे शब्दही होते. आता व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्याचा व्हिडिओ फिरला की परत पंक्तीला घेणार कोण, त्याला आपल्याकडे शब्दच नाहीये अजून.

यादीवरून सांगतो. मी ठाण्यात आमच्या सोसायटीच्या कमिटीवर दोन वर्षं होतो, मेंटेनन्स थकवलेल्यांची नावं लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावायचं ठरलं, टाइप मीच केली, वर लाल अक्षरात 'थकबाकीदार', खाली पाच नावं, फ्लॅट नंबर, रक्कम. तिघांनी आठवड्यात भरले, एक जण भांडून गेला. पाचवे तिसऱ्या मजल्यावरचे काका, त्यांची नोकरी गेलेली आहे हे आम्हाला नंतर कळलं. ते जिन्याने जायला लागले, गुडघे दुखत असताना, कारण लिफ्टची वाट बघत त्या कागदासमोर उभं राहायला लागायचं. गणपतीत आरतीला आले नाहीत. दिवाळीनंतर त्यांच्या मुलीने सगळे पैसे भरले, मी कागद काढला, पण काका पुढेही जिन्यानेच. लाज आम्ही काढली होती, वाळीत त्यांनी स्वतःला टाकून घेतलं, त्यासाठी गावकी लागली नाही.

तर ताई, मथळा 'चारचौघात लाज काढणे' ठेवा, बाईंना फारच घरगुती वाटला तर 'जाहीर मानहानी' चालेल. वाळीतसाठी वेगळा परिच्छेद करा, एकाच टोपलीत घालू नका. आणि मुलीने आत 'अब्रूचा धिंडवडा' लिहिलंय ते 'अब्रूचे धिंडवडे' करा, बोलताना आपण ते अनेकवचनातच वापरतो, एकटा धिंडवडा निघालेला मी तरी ऐकला नाही.