संचालकपद स्वीकारण्याआधी निधीचा करार मागून घ्या

तुम्ही लिहिलंय की गरीब मुलांसाठी काम करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेचं संचालकपद चालून आलंय आणि विश्वस्त म्हणतात, 'पैशाची चिंता करू नका, स्पॉन्सरशिपचा निधी नियमित येतो.' हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. मलाही हेच सांगितलं होतं.

पदवी धर्मशास्त्राची हवी की व्यवस्थापनाची, यावर मी फार बोलणार नाही. दोन्ही नसलेली माणसं हे काम उत्तम करतात. ताळेबंद वाचता येत नसेल तर मात्र आधी शिका. ऑडिट, बालसंरक्षण धोरण वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच.

मला सगळ्यात जड गेलं ते निधी देणाऱ्यांचं विभागीय कार्यालय. नाव लिहीत नाही. प्रत्येक मुलामागे एक स्पॉन्सर आणि मुलानं त्याला ठरावीक काळानं पत्र लिहायचं, अशी पद्धत. एका मुलीनं मांजरीला पिल्लं झाल्याचं लिहिलं आणि खाली त्यांची चित्रं काढली. शेवटच्या पिल्लाला जागा उरली नाही, म्हणून ते समासात उभं! पत्र परत आलं. वर शेरा: 'आभार नाहीत, प्रार्थनेचा उल्लेख नाही, पुन्हा लिहून घ्यावे.' मी ते तसंच परत पाठवलं. मग मेलवर मेल. तेवढ्यात मुदत टळली, नोंदीत 'प्रतिसाद नाही' पडलं आणि त्या मुलीचा हप्ता अडकला. शाळेची फी काही थांबत नाही, ती आम्ही शिक्षकांच्या पगाराच्या रकमेतून भरली. वर्षअखेरीस त्याच कार्यालयानं 'निधीचा हेतुबाह्य वापर' म्हणून खुलासा मागितला. अजून आठवलं की डोकं फिरतं.

तेव्हा तोंडी आश्वासनावर जाऊ नका. करारात बघा: स्पॉन्सर सोडून गेला तर मुलाचा खर्च किती महिने चालू राहतो, पत्रात कोण हात घालू शकतं, निधी बंद करायचा तर किती आधी कळवायचं. पत्रं, फोटो, नोंदी सांभाळणाऱ्या माणसाचा पगार कुठल्या खात्यात बसतो तेही विचारा. बहुतेकदा तो 'प्रशासकीय खर्च' म्हणून कापला जातो, मग शिकवणाऱ्या बाई वर्ग सोडून पाकिटं भरत बसतात. आणि सगळा पैसा एकाच दारातून येत असेल तर सावध. मुलांना स्पॉन्सर मिळवून देणाऱ्या कंपॅशन इंटरनॅशनलएवढ्या मोठ्या ख्रिस्ती संस्थेलाही परदेशी निधीच्या परवानगीअभावी २०१७ मध्ये भारतातलं काम गुंडाळावं लागलं.

राखीव निधीचा विषय काढलात की एखादे विश्वस्त एकोणिसाव्या शतकातले धर्मोपदेशक जॉर्ज म्यूलर यांचा दाखला देतील: म्यूलरनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये कुणापुढे हात न पसरता हजारो अनाथ मुलं सांभाळली. खरं आहे. पण म्यूलर पै न् पैचा हिशेब छापून प्रसिद्ध करायचे, हे नम्रपणे सांगा.

स्पॉन्सरशिपच वाईट, असं माझं म्हणणं नाही. कंपॅशनच्याच कार्यक्रमाचा सहा देशांतला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्पॉन्सर मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकल्याचं दिसलं. माझं भांडण मधल्या टेबलाशी आहे.

आता एक मत, पटलं नाही तर सोडून द्या. जेवण, फी, औषधं यांचा संबंध प्रार्थनेच्या हजेरीशी जोडू नका, स्पॉन्सर खूश होत असला तरी. आपत्तीतल्या मदतकार्यासाठी रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ मध्ये केलेल्या आचारसंहितेतही धर्ममत पुढे रेटायला मदत वापरू नये असं आहे. संस्थेचं वसतिगृह असेल तर किती मुलांचे आईवडील हयात आहेत तेही पाहा. निव्वळ गरिबीमुळे मूल घरापासून तोडू नये, असं संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

माझा अनुभव एकाच मध्यम आकाराच्या संस्थेचा आणि मी वकील नाही, त्यामुळे करार जाणकाराला दाखवाच. होकार कळवण्याआधी मात्र संस्थेच्या हिशेबनिसाला एकट्याला गाठा आणि विचारा, गेल्या वर्षी पगार किती वेळा उशिरा झाले.