ऑक्सिजन ९७, तरी धाप का लागते?

स्वाइन फ्लूच्या जबर न्यूमोनियातून उठलेल्या पेशंटच्या घरून एक प्रश्न हमखास येतो: "फुप्फुसं कायमची गेली का हो?" डॉक्टरांनी उत्तर दिलेलं असतं, पण ओपीडीच्या गडबडीत ते कानावर पडतं आणि मनात काही उतरत नाही.

एका जोडप्याचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवरा पंचेचाळिशीचा, पिठाची गिरणी चालवणारा. ऐन पावसाळ्यात फ्लू झाला, दोन्ही बाजूंना न्यूमोनिया झाला आणि अकरा दिवस व्हेंटिलेटरवर काढावे लागले. घरी येऊन तीन महिने उलटले, एक्स-रे बराच साफ झाला. तरी त्यांचं अंथरूण खालीच, स्वयंपाकघराला लागून. जिना चढायची घरात बंदीच होती.

ताईंनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. तारीख, वेळ, ऑक्सिजन, पल्स. रात्री दोनच्याही नोंदी होत्या. "झोपेत हळूच बोटाला लावते, त्यांना कळतसुद्धा नाही."

"कळतं मला," दादा म्हणाले.

सगळीकडे ९६, ९७. एकाच पानावर ८८, त्याला लाल पेनने गोल. त्या दिवशी बोटं गार पडली होती. बोट गार असेल तर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो. हात चोळून पुन्हा लावल्यावर ९६ आलं होतं. तेही ताईंनीच खाली लिहिलं होतं, पण त्यानंतर आठवडाभर दादांना खाटेवरून उतरू दिलं नव्हतं.

छातीच्या डॉक्टरांनी फुप्फुसांची तपासणी करून घेतली. हवेतला वायू रक्तात किती उतरतो ते पाहणारी डीएलसीओ चाचणी थोडी कमी आली, सीटी स्कॅनमध्ये व्रणाच्या बारीक रेघा दिसल्या. यातलं बरंचसं पहिल्या वर्षात सुधारतं, काही रेघा राहूही शकतात. हे मी गोड करून सांगत नाही. मग सहा मिनिटांची चालण्याची चाचणी झाली. दादा मध्येच थांबले. ताईंची नजर मशिनवर होती, तिथे ९४. मी दादांनाच विचारलं, "छातीनं थांबवलं की पायांनी?"

"मांड्या भरून आल्या."

टोरंटोच्या डॉक्टरांनी गंभीर एआरडीएसमधून (फुप्फुसं सुजून, पाण्याने भरून ऑक्सिजन घेईनाशी होतात ती अवस्था) वाचलेल्यांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं. २०११ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. फुप्फुसांचं काम जवळपास पूर्ववत झालं होतं, पण सहा मिनिटांत माणसं अपेक्षेच्या तीन चतुर्थांशच अंतर चालत होती. आयसीयूत मांडीचा स्नायू पहिल्या दहा दिवसांतच झपाट्याने झडतो. पाय कच्चे असले की थोड्या श्रमातही श्वास वाढतो, त्यात घाबरलं की तो उथळ आणि भरभर होतो, मग आणखी घाबरायला होतं. (श्वास ओढून प्लॅस्टिकचे तीन गोळे वर उचलायचं ते व्यायामाचं यंत्र अशा प्रत्येक घरात असतं. तिन्ही गोळे वर गेले म्हणजे माणूस बरा, असा काही हिशोब नाही.)

ताईंशी मी एकटीशी बोलले. व्हेंटिलेटरच्या कागदावर सही त्यांनी केली होती, सासूबाई गावाला होत्या. "सही केली आणि ह्यांना आत नेलं. आता डोळा लागला की वाटतं, आपण झोपलो आणि इकडे काही झालं तर?" रात्रीचं ऑक्सिमीटर त्या भीतीपोटी होतं. पेशंट घरी आला की घरच्यांचं आजारपण सुरू होतं, हे मी फार वेळा पाहिलंय. डॉक्टरांना विचारून आम्ही रात्रीच्या नोंदी बंद केल्या. वहीत आता फिजिओथेरपिस्टने ठरवून दिलेलं चालणं आणि खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम लिहायचा. जिना चढताना फुंकर मारल्यासारखे ओठ करून श्वास सोडायचा. सुरुवातीला ताई मागोमाग चढायच्या.

मात्र धाप आठवडागणिक वाढत असेल, थोडं चालल्यावर ऑक्सिजन घसरत असेल, थुंकीतून रक्त येत असेल, पुन्हा ताप चढला किंवा एकच पाय सुजला, तर व्यायामाच्या भरवशावर राहू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

वर्षभराने डीएलसीओ सुधारली. फ्लूची लस दरवर्षी घ्यायचं ठरलंय. गिरणीच्या पिठाच्या धुळीबद्दल डॉक्टर अजून सावध आहेत, म्हणून दळायला मेहुणा आणि गल्ल्यावर दादा. मास्कवरून दोघांची रोज वादावादी होते, असं ताई सांगत होत्या.