टोपणनावाने रहस्यकादंबरी लिहिताय?

टोपणनाव फक्त मुखपृष्ठावर. करारावर खरं नाव, खरी सही. हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहून घ्याच, नाहीतर कायदा 5 वर्षं धरतो. लेखकाची ओळख उघड झालीच नाही तर कॉपीराइट प्रकाशनापासून 60 वर्षं. त्या मुदतीत झाली तर मृत्यूनंतर 60. वारसांचा विचार आत्ताच करा. आपल्या शिरवाडकरांनी कविता ‘कुसुमाग्रज’ म्हणून लिहिली, नाटकं स्वतःच्या नावाने; तशी विभागणीही चालते.

आता खरं काम. निवेदिका खोटं बोलत असेल तर वाचकाला ते पकडायची संधी हवीच. ‘त्या रात्री मी रामकुंडाच्या पायरीवर बसले होते,’ असं ती म्हणते. पण चाळीसेक पानं आधी, भाजी घेता घेता, गोदावरीचं पाणी नाशिकच्या रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागल्याचा उल्लेख येऊन गेलेला. म्हणजे पायऱ्या पाण्याखाली! दोन्ही वाक्यं एकाच प्रकरणात आली तर गुपित लगेच फुटतं; आधीचं गाळलंत तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते तो विसरत नाही. निवेदिकेला ठाऊक असलेली गोष्ट दडपू नका, तिचं लक्ष दुसरीकडे वळवा. तारीख, पाऊस, कोणाला काय माहीत, याचा तक्ता दुसऱ्या खर्ड्याआधी वहीत आखा.